वऱ्हाडचा खंड आणि निजामाची पदवी

कागदोपत्री पाहू गेल्यास १९४७ च्या ऑगस्टपर्यंत मानोरा हे गाव ब्रिटिश मालकीच्या मुलखात नव्हतेच. वाशीम, मंगरूळपीर, कारंजा, किंबहुना अमरावतीपासून बुलढाण्यापर्यंतचा सारा वऱ्हाड हा हैदराबादच्या निजामाचा मुलूख होता आणि इंग्रज सरकार तेथे खंडाने शेत घेतलेल्या कुळाप्रमाणे नांदत होते. डेप्युटी कमिशनर इंग्रज, तहसीलदार इंग्रजांचा, पोलीस, टपाल, शाळा आणि सारा वसूल करणारी कचेरीही इंग्रजांचीच. पण सार्वभौम सत्ता मात्र पैनगंगेच्या पलीकडे, हैदराबादेत. हिंदुस्थान सरकारने केलेला कायदा वऱ्हाडात आपोआप लागू होत नसे. परकीय मुलखातील अधिकारक्षेत्राविषयी इंग्लंडात जो कायदा होता, त्याच्या आधाराने हुकूम काढून तो तेथे लागू करावा लागे. १९१९ च्या सुधारणांनंतर मध्य प्रांताच्या कौन्सिलात वऱ्हाडचे प्रतिनिधी मतदारांनी निवडून द्यायचे आणि मग सरकारने त्यांची नेमणूक करायची, असा द्राविडी प्राणायाम याच कारणाने करावा लागला. इराणच्या आखातातील बहारीन बेटावर इंग्रजांनी आपली न्यायालये बसविली, तीही १९१३ साली काढलेल्या अशाच एका हुकुमाने. मंगरूळपीरच्या कोर्टात भांडणारा कास्तकार आणि बहारीनचा मोत्यांचा व्यापारी यांना एकमेकांची नावेही ठाऊक नव्हती. पण कायद्याच्या नजरेने दोघे एकाच पंक्तीला बसले होते.

ही पंगत ज्या राजाच्या आयुष्यभर चालली, तो राजा म्हणजे हैदराबादचे सातवे आणि शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान. त्यांच्याविषयी मराठी वाचकाच्या मनात दोनच चित्रे असतात. एक, जगातील सर्वांत श्रीमंत पण फाटकी शेरवानी घालणाऱ्या कंजूष माणसाचे. दुसरे, रझाकारांच्या आडून मराठवाड्यावर जुलूम होऊ देणाऱ्या संस्थानिकाचे. दोन्ही चित्रे खरी आहेत आणि दोन्ही अपुरी आहेत. इंग्रजी साम्राज्याने विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस-चाळीस वर्षांत मुसलमान राजांना कसे वापरले, त्यांना काय देऊ केले आणि प्रत्यक्षात काय हाती ठेवले, याचा पुरा हिशेब मांडायचा, तर मक्केचे शरीफ हुसेन आणि हैदराबादचे उस्मान अली या दोघांच्या खतावण्या शेजारी शेजारी ठेवून पाहाव्या लागतात.

उस्मान अलींचा जन्म एप्रिल १८८६ मधला. वऱ्हाडचे दुखणे त्याहून कितीतरी जुने. निजामाच्या खर्चाने आणि इंग्रजांच्या हुकमतीखाली हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज ठेवण्यात आली होती. तिच्या पगाराची बाकी साचत गेली, आणि तिच्या वसुलीसाठी २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूरचा दुआब इंग्रजांकडे लावून देण्यात आला. सत्तावनच्या बंडात हैदराबाद शांत राहिले. त्याचे बक्षीस म्हणून १८६० च्या तहाने धाराशिव व रायचूर परत मिळाले, पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिला तो राहिलाच. त्याचे कारण शोधायला दूर जायला नको. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि वऱ्हाडची काळी माती अचानक सोन्याच्या भावाची ठरली होती. १८७० साली खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो यांनी येऊन खामगावचा रेल्वेफाटा खुला केला, तो कंटिंजंटच्या शिपायांसाठी नव्हे, कापसाच्या गाठींसाठी. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर ज्या वाटांनी माल वाहत होते, त्या वाटा त्यानंतर ओस पडत गेल्या. मानोऱ्याजवळच्या पोहरादेवीला आजही हा समाज मोठ्या संख्येने जमतो. त्याच्या जुन्या धंद्याचा अस्त या कापसाच्या वैभवातच झाला, ही गोष्ट वऱ्हाडच्या भरभराटीची वर्णने करणारे सहसा सांगत नाहीत.

सालारजंग पहिले यांनी वऱ्हाड सोडविण्यासाठी आपली सारी बुद्धी आणि इभ्रत पणाला लावली. १८७६ साली ते इंग्लंडलाही जाऊन आले. १८८३ मध्ये ते वारले आणि तो प्रश्न थंडावला. पुढे लॉर्ड कर्झन आले. कर्झन यांना अर्धवट गोष्टींचा तिटकारा होता. मुलूख आपला नाही पण कारभार आपला आहे, हिशेब द्यायचा आहे आणि उरलेला पैसाही द्यायचा आहे, ही व्यवस्था त्यांना बोचत होती. ३० मार्च १९०२ रोजी हैदराबादेत त्यांनी निजाम मीर महबूब अली खान यांची खासगी भेट घेतली. मुलूख परत मिळण्याची आशा सोडा, वर्षाला ठरीव रक्कम घ्या आणि कायमचा पट्टा लिहून द्या, हा त्या भेटीचा मथितार्थ. ५ नोव्हेंबर १९०२ ला करार झाला. वऱ्हाडचा खंड ठरला सालाना पंचवीस लाख रुपये. निजामाचे सार्वभौमत्व करारात शाबूत होते. म्हणजे शेत तुमचेच, सातबारा तुमच्याच नावावर, पण पेरणी, कापणी, रास आणि बाजारभाव यांत तुम्ही कधीही बोलायचे नाही. पुढच्याच वर्षी महबूब अलींना जी. सी. बी. ही पदवी मिळाली, तेव्हा या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ कर्झनला वऱ्हाड दिले असा होतो, असा विनोद हैदराबादेत पसरल्याचे सांगतात. ऑक्टोबर १९०३ पासून वऱ्हाड मध्य प्रांताला जोडला गेला आणि १९०५ साली जुना वाशीम जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळकडे वाटले गेले. तो जिल्हा पुन्हा उभा राहायला १९९८ साल उजाडावे लागले.

वऱ्हाडच्या पट्ट्याची शाई वाळून पुरते वर्ष झाले असेल-नसेल तोच हेच कर्झन जहाजात बसून इराणच्या आखातात गेले. नोव्हेंबर १९०३ मध्ये शारजाच्या किनाऱ्यापाशी त्यांनी अरब शेखांचा दरबार भरविला. आखातातील हे राजकारण लंडनहून नव्हे तर हिंदुस्थानातून चालत असे. बुशहरचा रेसिडेंट हिंदुस्थान सरकारचा नोकर, त्याची पत्रे जात सिमल्याला, आणि बाजारात चाले तो हिंदुस्थानचा रुपया. एडन तर १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या अखत्यारीत होते. कुवेतचे शेख मुबारक यांच्याशी जानेवारी १८९९ मध्ये जो गुप्त करार झाला, त्यात आपली जमीन इंग्रजांखेरीज कोणालाही द्यायची नाही आणि परकी वकिलाला दारात उभे करायचे नाही, एवढे मुबारक यांनी कबूल केले आणि त्याबद्दल त्यांना पंधरा हजार रुपये मिळाले. मांडणी तीच, फक्त खंडाची रक्कम लहान. हैदराबादेत जो धडा गिरवला, तोच आखातात वापरला. किंवा आखातात जे साधले, त्याने हैदराबादेतला हात धीट झाला. दोन्ही म्हणता येते, कारण दोन्हीकडचे अधिकारी एकाच खात्याचे होते.

अरबस्तान आणि हैदराबाद यांच्यात आणखी एक धागा होता, आणि तो इंग्रजांच्याही आधीचा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या मुलखात हद्रमौतहून आलेल्या अरब शिपायांचे जथे होते. त्यांचे जमादार सावकारीही करीत आणि वसुलीसाठी गावेच्या गावे ताब्यात घेऊन बसत. अशाच जमादारांपैकी कुऐती घराण्याने हैदराबादेत मिळविलेल्या पैशाच्या बळावर मायदेशी शिहर व मुकल्ला येथे राज्य स्थापिले. १८८८ साली ते राज्य इंग्रजांच्या संरक्षणाखाली आले आणि पुढे त्याच्या प्रमुखाला इंग्रजांनी सुलतान म्हणून मान्यता दिली. म्हणजे मुकल्ल्याचा हा सुलतान अरबस्तानात राजा आणि हैदराबादेत निजामाचा जमादार होता! एडनच्या रेसिडेंटने एका दारातून त्याच्याशी बोलावे आणि हैदराबादच्या रेसिडेंटने त्याच्या मालकाशी दुसऱ्या दारातून, असा हा घरोबा होता.

२९ ऑगस्ट १९११ रोजी महबूब अली वारले आणि पंचविशीतले उस्मान अली गादीवर आले. वडील ऐषारामी आणि सढळ हाताचे. मुलगा कामसू, संशयी आणि पैशाला जपणारा. सालारजंग तिसऱ्यांना त्यांनी दिवाण नेमले, पण १९१४ मध्ये दिवाणी मोडून सारा कारभार स्वतःच्या हाती घेतला आणि पाच वर्षे तो एकट्याने हाकला. १९०८ च्या मुसी नदीच्या महापुराने उद्ध्वस्त केलेले शहर त्यांच्याच काळात नव्याने उभे राहिले. इस्पितळ, हायकोर्ट, उस्मानसागर, पुढे निजामसागर, ही कामे मोठी होती यात वाद नाही. १९१७ च्या फर्मानाने स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात पदवीपर्यंतचे शिक्षण उर्दूतून देण्याचा प्रयोग झाला. हिंदुस्थानी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचे हे धाडस होते, म्हणून त्याचे कौतुक होते, आणि व्हावेच. पण परभणी, नांदेड, बीड, औरंगाबादच्या मराठी मुलाला उर्दू ही इंग्रजीइतकीच शिकावी लागणारी भाषा होती. प्रजेच्या तेलुगू, मराठी, कानडी या भाषांना त्या विद्यापीठात शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थान नव्हते. १९३८ साली वंदे मातरम् म्हटल्यावरून त्याच विद्यापीठाने विद्यार्थ्यांना काढून टाकले, तेव्हा त्यांतल्या अनेकांना प्रवेश मिळाला तो नागपूर विद्यापीठात, म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाडच्या राजधानीत.

नोव्हेंबर १९१४ मध्ये तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले आणि इंग्रजांपुढे पेच पडला. तुर्कस्तानचा सुलतान हा जगातील सुन्नी मुसलमानांचा खलिफा. त्याच्याविरुद्ध हिंदी मुसलमान शिपाई लढवायचा कसा? या वेळी दोन मुसलमान पुढारी इंग्रजांना हवे होते. एक हिंदुस्थानात, एक अरबस्तानात. हिंदुस्थानातले काम उस्मान अलींनी केले. हिंदी मुसलमानांनी इंग्रज सरकारशी एकनिष्ठ राहावे, असे आवाहन त्यांनी जाहीरपणे केले. युद्धखर्चासाठी त्यांनी लाखो रुपये दिले. विमानदलाच्या एका तुकडीचा खर्च उचलला आणि त्या ११० क्रमांकाच्या तुकडीला हैदराबादचे नाव मिळाले. याच काळात पुण्याची सहावी डिव्हिजन इराकात तैग्रिस नदीकाठी कुतला वेढली गेली आणि एप्रिल १९१६ मध्ये उपासमारीने शरण गेली. तीत मराठा पलटणीही होत्या. सातारा-कोकणातून गेलेले ते शिपाई तुर्कांच्या कैदेत वाळवंट तुडवीत गेले आणि त्यांतले अनेक परतलेच नाहीत.

अरबस्तानातले काम शरीफ हुसेन यांच्याकडे आले. प्रेषिताच्या वंशातले हे वृद्ध गृहस्थ १९०८ पासून मक्केचे अमीर होते. जुलै १९१५ ते मार्च १९१६ या काळात कैरोचे इंग्रज हायकमिशनर सर हेन्री मॅकमहोन आणि हुसेन यांच्यात पत्रे आली-गेली. मॅकमहोन हेही हिंदुस्थान सरकारच्या परराष्ट्र खात्यातून तिकडे गेलेले; हिमालयातील सरहद्दीच्या ज्या रेषेवरून पुढे चीनशी युद्ध झाले, ती रेषा यांच्याच नावाची. अरबांनी तुर्कांविरुद्ध उठावे, इंग्रज अरबांचे स्वातंत्र्य मान्य करतील, हा त्या पत्रांचा गाभा. कोणता मुलूख स्वतंत्र अरब राज्यात येणार आणि कोणता वगळायचा, याची वाक्ये मात्र अशी घोळदार की पॅलेस्टाईन त्यांत होता की नव्हता यावर पुढे वर्षानुवर्षे वाद चालला. जून १९१६ मध्ये हुसेन यांनी बंड पुकारले. त्याच्या काही आठवडे आधीच साईक्स आणि पिको या इंग्रज-फ्रेंच अधिकाऱ्यांनी तोच मुलूख आपसांत वाटून घेतला होता, आणि हे हुसेन यांना कोणी सांगितले नव्हते. नोव्हेंबर १९१७ मध्ये बाल्फोर यांनी पॅलेस्टाईनमध्ये ज्यूंच्या राष्ट्रीय निवासस्थानाचे आश्वासन दिले. एकच शेत तीन जणांना लिहून देण्याचा हा प्रकार गावात घडता तर फौजदारी झाली असती.

त्यातही खुबी अशी की, कैरोतील इंग्रज हुसेन यांना पैसे व बंदुका पुरवीत असताना हिंदुस्थान सरकार नज्दचे इब्न सौद यांना हाताशी धरत होते. डिसेंबर १९१५ मध्ये सर पर्सी कॉक्स यांनी त्यांच्याशी तह केला आणि पुढे दरमहा पाच हजार पौंडांचा तनखा सुरू झाला. हुसेन आणि इब्न सौद हे हाडवैरी. दोघांच्याही हातात इंग्रजांचा पैसा होता.

युद्ध संपल्यावर हिशेब चुकते झाले. उस्मान अलींना १९१८ साली इतर कोणत्याही संस्थानिकाला नसलेली ‘हिज एक्झाल्टेड हायनेस’ ही उपाधी आणि ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला. हुसेन यांनी स्वतःला अरबांचा राजा म्हणवून घेतले होते; इंग्रजांनी मान्यता दिली ती फक्त हेजाझचा राजा एवढीच. त्यांचे पुत्र फैजल यांना १९२० च्या जुलैत फ्रेंचांनी दमास्कसमधून हाकलले. त्यांची समजूत काढण्यासाठी पुढच्या वर्षी त्यांना इराकचे राज्य दिले गेले आणि दुसरे पुत्र अब्दुल्ला यांना जॉर्डन नदीपलीकडचा मुलूख. म्हातारे हुसेन मात्र हट्टी निघाले. पॅलेस्टाईनची आणि ताबेदार मुलखांची व्यवस्था मान्य करणाऱ्या कोणत्याही कागदावर सही करायला ते तयार होईनात. ३ मार्च १९२४ रोजी तुर्की प्रजासत्ताकाने खिलाफतच रद्द केली, तेव्हा त्यांनी खलिफापद स्वतःकडे घेतले. हिंदी मुसलमानांनी त्यांना तुर्कांशी दगा करणारा मानले होते. त्यांच्या खलिफापणाला येथे कोणी विचारले नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात इब्न सौद यांनी मक्का घेतली. हुसेन यांनी गादी सोडली, अकाबाहून इंग्रजांनी त्यांना सायप्रसला नेऊन ठेवले, आणि जून १९३१ मध्ये अम्मान येथे ते वारले.

उस्मान अलींना हे सारे दिसत होते. पण आपली गोष्ट वेगळी आहे असे त्यांना वाटले, आणि तसे वाटण्याला आधारही होता. हुसेन यांच्याजवळ नुसती पत्रे होती. यांच्याजवळ शिक्कामोर्तब झालेले तह होते. हुसेन यांनी सही नाकारली होती. यांनी कधीच काही नाकारले नव्हते. युद्धात आपण जी सेवा केली, तिचे मोल म्हणून वऱ्हाड मागावा, हा विचार त्यांच्या मनात पक्का झाला आणि ते काम त्यांनी सर अली इमाम यांच्यावर सोपविले. २५ ऑक्टोबर १९२३ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांना सविस्तर पत्र धाडले. पट्टा दडपणाखाली लिहून घेतला गेला, सबब वऱ्हाड परत द्यावा, ही मागणी. वऱ्हाडी जनतेला बिचकायला नको म्हणून परत मिळालेल्या प्रांताला स्वराज्याचे अधिकार देण्याची तयारीही त्यांनी दाखविली. स्वतःच्या राज्यात ज्या राजाने निवडलेले साधे कायदेमंडळही बसविले नव्हते, त्याने वऱ्हाडला स्वायत्तता देऊ करावी, यातला विनोद वऱ्हाडातील वकील-मास्तरांच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नाही.

वऱ्हाडला निजामाकडे जायचे नव्हते. लोकांना इंग्रजांचे प्रेम होते असे नव्हे. दादासाहेब खापर्डे आणि बापूजी अणे यांच्या प्रांताविषयी तसे कोण म्हणेल? पण येथे मुंबईच्या धर्तीची रयतवारी मोजणी झाली होती, कास्तकाराच्या नावावर जमीन होती, वर्तमानपत्रे होती, सभा भरत होत्या. पैनगंगेच्या पलीकडे जहागिरी होत्या, सभेला परवानगी लागत होती आणि मराठी शाळा काढणेही सोपे नव्हते. कास्तकाराला कोणी विचारले मात्र नाही. १८५३ ला नाही, १९०२ ला नाही, १९२३ लाही नाही. मालक आणि कूळ यांचा वाद चालला होता. त्या शेतात राबणाऱ्याची साक्ष काढावी, असे दोन्ही पक्षांच्या मनात आले नाही.

रीडिंग यांनी आधी नकार दिला. निजामांनी पुन्हा लिहिले आणि या वेळी एक पाऊल पुढे टाकले. परराष्ट्रसंबंध सोडले तर अंतर्गत बाबतीत आपण इंग्रज सरकारच्या बरोबरीचे आहोत, तेव्हा हा दोन समानांमधला वाद आहे, अशी त्यांनी भूमिका घेतली. २७ मार्च १९२६ रोजी त्याला उत्तर आले. रीडिंग हे इंग्लंडचे सरन्यायाधीश राहिलेले. कायद्याची भाषा त्यांना कोणी शिकवायला नको होती. पण त्यांनी तहांची कलमे तपासण्याच्या भरीस न पडता कलमांच्या मुळावरच घाव घातला. हिंदुस्थानात ब्रिटिश राजसत्ता सर्वश्रेष्ठ आहे, तिचे श्रेष्ठत्व तहांवर अवलंबून नाही, आणि म्हणून कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीच्या नात्याने वाद घालू शकत नाही, हे त्यांनी स्वच्छ लिहिले. विश्वासू दोस्त हा दोस्त नसून ताबेदार आहे, हे असे सरकारी लखोट्यातून कळविले गेले. पाठोपाठ हैदराबादच्या महत्त्वाच्या खात्यांवर इंग्रज अधिकारी बसविण्यात आले. साऱ्या संस्थानांत त्या पत्राची दहशत पसरली, आणि १९२७ च्या अखेरीस नेमलेल्या बटलर समितीनेही पुढे रीडिंग यांचाच सिद्धांत उचलून धरला.

यानंतर उस्मान अलींनी सरळ मागणी सोडली आणि आडवाट धरली. पदच्युत खलिफा अब्दुल मजीद फ्रान्समध्ये नीस येथे निर्वासिताचे जिणे जगत होते. त्यांना उस्मान अलींनी दरमहा तीनशे पौंडांची नेमणूक बांधून दिली होती. नोव्हेंबर १९३१ मध्ये याच खलिफाची कन्या दुर्रेशहवार हिचा विवाह निजामांचे थोरले चिरंजीव आझम जाह यांच्याशी झाला, आणि तुर्की राजघराण्यातील दुसरी राजकन्या निलोफर धाकट्या मोअज्जम जाह यांना दिली गेली. ज्या खलिफाच्या राज्याविरुद्ध लढण्यासाठी १९१४ साली यांनी पैसा पुरविला, त्याच घराण्याची लेक आता घरात आली. पश्चात्ताप की महत्त्वाकांक्षा, हे उस्मान अलींनाच ठाऊक. या संबंधातून जन्मणाऱ्या मुलाकडे हैदराबादची गादी आणि खिलाफतीचा वारसा एकदम येईल, ही शंका इंग्रज अधिकाऱ्यांना पडली होती, एवढे खरे.

आणि मग इंग्रजांना पुन्हा गरज लागली. १९३५ च्या कायद्याने संघराज्य व्हायचे होते, त्यात संस्थानिक हवे होते, आणि सर्वांत मोठा संस्थानिक रुसलेला होता. सर अकबर हैदरी यांनी ही वेळ ओळखली. २४ ऑक्टोबर १९३६ च्या करारान्वये निजामांना ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ म्हणवून घेण्याचा, युवराजांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणविण्याचा, वऱ्हाडात इंग्रजी निशाणाशेजारी आपले निशाण फडकविण्याचा आणि मध्य प्रांत सरकारकडे आपला वकील ठेवण्याचा हक्क मिळाला. खंड पूर्वीचाच, पंचवीस लाख. चौतीस वर्षांत कापसाचे, साऱ्याचे आणि रुपयाच्या मोलाचे किती चढउतार झाले. खंडाची रक्कम जागची हलली नाही. संघराज्यात निजाम गेले नाहीतच, आणि १९३९ च्या युद्धाने ते संघराज्यही बारगळले. १९३७ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या टाइम साप्ताहिकाने जगातील सर्वांत श्रीमंत मनुष्य म्हणून त्यांचे चित्र मुखपृष्ठावर छापले. आपल्याच मालकीच्या प्रांताचा भाडेपट्टा ठरवूनही ज्याला भाडे वाढविता येत नव्हते, असा तो श्रीमंत होता.

१९४७ साली इंग्रज निघाले तेव्हा उस्मान अलींनी पुन्हा वऱ्हाडचा कागद पुढे केला. सार्वभौमत्व जर करारात शाबूत आहे, तर कूळ निघून गेल्यावर शेत मालकाकडे यायला हवे, हा त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून होता. पण तोवर जग बदलले होते. ऑगस्ट १९४७ मध्ये अकोल्याला वऱ्हाड आणि पश्चिम महाराष्ट्राचे पुढारी एकत्र बसून आपल्या भवितव्याचा करार करीत होते. त्यांच्या हिशेबात निजाम हा पक्षकार नव्हताच. जूनमध्येच स्वतंत्र राहण्याचा मनोदय जाहीर केलेल्या उस्मान अलींनी नोव्हेंबरात जैसे थे करार केला, रझाकारांना आवर घातला नाही, संयुक्त राष्ट्रसंघाकडे तक्रार धाडली. विश्वासू दोस्त म्हणविणाऱ्या इंग्रजांनी या वेळी बोटही हलविले नाही. मराठवाड्यातील गावांनी त्या तेरा महिन्यांत जे भोगले, त्याची जबाबदारी ना कर्झनवर टाकता येते ना रीडिंगवर. ती किंग कोठीचीच होती. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. त्याच गडबडीत लंडनच्या बँकेतील दहा लाख पौंड पाकिस्तानच्या हायकमिशनरच्या खात्यावर वळते झाले. त्या पैशाचा दावा इतका लांबला की निकाल २०१९ साली लागला, तोही भारत आणि निजामाचे वारस यांच्या बाजूने.

स्वतंत्र भारताने त्यांना अपमानित केले नाही. २६ जानेवारी १९५० पासून ते हैदराबादचे राजप्रमुख होते. ३१ ऑक्टोबर १९५६ ला ते पद संपले. दुसऱ्या दिवशी भाषावार पुनर्रचनेने हैदराबाद राज्य तीन वाटण्यांत गेले आणि मराठवाडा व वऱ्हाड दोन्ही मुंबई राज्यात आले. पैनगंगेच्या अलीकडचे मानोरा आणि पलीकडचे हिंगोली शंभरावर वर्षांनी एका सरकारखाली आली, फक्त ते सरकार निजामाचे नव्हते. २४ फेब्रुवारी १९६७ रोजी किंग कोठीत उस्मान अलींचे निधन झाले. अंत्ययात्रेला लोटलेली गर्दी अफाट होती.

वारस म्हणून त्यांनी प्रिन्स ऑफ बेरार आझम जाह यांना बाजूला सारून नातू मुकर्रम जाह यांची निवड केली होती. तीन वर्षांनी, १९७० साली, आझम जाह वारले. वऱ्हाडचे युवराजपद त्यांनी चौतीस वर्षे बाळगले आणि वऱ्हाडातील एका गावाचाही सारा त्यांच्या नावे कधी वसूल झाला नाही.